पोर्ट कोण सांभाळणार? स्वयंसेवकांच्या कामाची जुळणी आणि त्यातले संशोधनाचे प्रश्न

एखादा मुक्त स्रोत प्रकल्प लिनक्सवर व्यवस्थित चालतो. कुणीतरी विचारतं, "हे विंडोजवर येईल का?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "पॅच पाठवा, स्वागत आहे." या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये जे घडतं (किंवा घडत नाही) तो आजच्या लेखाचा विषय आहे.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत पीएचडी करायचं तुमच्या मनात असेल आणि "मुक्त स्रोत" एवढंच डोक्यात असेल, तर हा विषय तुम्हाला उपयोगी पडेल. एक तर यातला विदा उघडा आहे, कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही. दुसरं म्हणजे यात तंत्र आणि माणसं यांची गाठ इतकी घट्ट आहे की एकाचा अभ्यास दुसऱ्याला सोडून करताच येत नाही.

पोर्टिंग म्हणजे नक्की काय करावं लागतं?

वरवर पाहता एकच काम दिसतं: एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर चालवायचा. प्रत्यक्षात त्यात निदान तीन थर असतात.

पहिला थर सिस्टिम कॉलचा. युनिक्सच्या घराण्यात नवी प्रक्रिया सुरू करायला "फोर्क" वापरतात. विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रॅमिंग इंटरफेसमध्ये तसं काही नाही, तिथे नवी प्रक्रिया थेट वेगळ्या पद्धतीने उभी करतात. एकाच वेळी हजारो जोडण्यांवर लक्ष ठेवायचं तर लिनक्सवर ईपोल, फ्रीबीएसडीवर केक्यू आणि विंडोजवर आयओसीपी. यातल्या आयओसीपीची विचार करण्याची रीतच निराळी आहे. पहिल्या दोन पद्धती सांगतात "आता वाचता येईल", तिसरी सांगते "वाचून झालं". नाव बदलून भागत नाही, प्रोग्रॅमची मांडणीच हलते.

दुसरा थर फायलींचा. लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये काही फायलींच्या नावांत फक्त लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक आहे. मॅकओएसच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमला तो फरक कळत नाही, त्यामुळे त्या फायली एकमेकींच्या जागेवर बसतात. विंडोजवर तर काही नावं राखीवच असतात. ओळीचा शेवट कुठल्या चिन्हाने करायचा यावरूनही चाचण्या नापास होतात.

तिसरा थर बांधणीचा: कंपायलर, लायब्ररी, इन्स्टॉलर, सही केलेली पॅकेजेस. शोधनिबंधांत हा थर फार कमी दिसतो, पण स्वयंसेवकांचे शनिवार-रविवार खातो तो हाच.

यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. पोर्ट एकदा केला आणि संपला असं होत नाही. मूळ प्रकल्प पुढे सरकत राहतो, ऑपरेटिंग सिस्टिमही सरकत राहते. कौलारू घर दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं, तसं हे काम आहे. म्हणून संशोधनाचा प्रश्न "पोर्ट कसा करतात?" एवढाच राहत नाही. "दर वर्षी छपरावर कोण चढणार, आणि ते कोण ठरवणार?" हा खरा प्रश्न आहे.

खर्च एकाकडे, फायदा दुसऱ्याकडे

इथे तीन बाजू असतात. मूळ प्रकल्पाचे देखभालकर्ते, म्हणजे अपस्ट्रीम. पोर्ट करणारा, त्याला आपण पोर्टर म्हणू. आणि त्या सिस्टिमवरचे वापरकर्ते.

अपस्ट्रीमवाल्याकडे कोडमध्ये बदल घेण्याचा अधिकार असतो, पण ती सिस्टिम चालवणारं यंत्र नसतं. पोर्टरकडे यंत्र असतं, अधिकार नसतो. वापरकर्त्याकडे यातलं काहीच नसतं, त्याला फक्त बिघडलेलं कळतं. आता समजा पोर्टरने चारशे ओळींचा पॅच पाठवला. अपस्ट्रीमने तो घेतला, तर उद्यापासून त्या चारशे ओळी सांभाळण्याची जबाबदारी अपस्ट्रीमची, आणि त्यांना त्या तपासताही येत नाहीत. नाही घेतला, तर पोर्टरला प्रत्येक नव्या आवृत्तीवर तो पॅच पुन्हा बसवावा लागतो. दोघंही विनामोबदला काम करत असतील तर यात वाईट कुणीच नाही. तरीही भांडण होतं.

ऑडरिस मोकस, रॉय फील्डिंग आणि जेम्स हर्ब्सलेब यांचा अपाचे आणि मोझिला प्रकल्पांवरचा २००२ चा अभ्यास तुम्ही वाचलाच पाहिजे. अपाचेत नव्या कोडचा ८० टक्क्यांहून अधिक भाग साधारण १५ जणांनी लिहिला होता. दोष दुरुस्त करणाऱ्यांचा गट त्याहून बराच मोठा, आणि दोष कळवणाऱ्यांचा आणखी मोठा. ही कांद्यासारखी पाकळ्यांची रचना पोर्टिंगला लावून बघा. एखाद्या कमी वापराच्या सिस्टिमसाठी लिहिणारा, दुरुस्त करणारा आणि कळवणारा हे तिघं बऱ्याचदा एकच माणूस असतो. तो थकला की तिन्ही पाकळ्या एकदम गळतात.

जुळणीच्या तीन रीती

स्वयंसेवकांनी या पेचावर काढलेले मार्ग वेगवेगळे आहेत. तीन नमुने पाहू.

एक: दोन संघ. ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ सोबत आलं. त्याचा मूळ संघ फक्त ओपनबीएसडीसाठी लिहितो. कोड स्वच्छ आणि लहान राहावा, तपासायला सोपा असावा, हा त्यामागचा हेतू. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चैन नव्हे, गरज आहे. दुसरा संघ तो कोड घेऊन लिनक्स, मॅकओएस, सोलारिस वगैरेंवर चालेल असा करतो. आवृत्तीच्या आकड्यामागे "पी१" दिसलं की समजायचं, ही पोर्टेबल आवृत्ती. इथे खर्च कुठे पडतो ते बघा: मूळ संघावर जवळजवळ नाही, पोर्टेबल संघावर सगळा. हे चालतं, कारण दोन्ही संघांत विश्वास आहे आणि हद्द स्पष्ट आहे.

दोन: पॅचची रांग. गिट २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी जन्माला आलं. त्यात शेल आणि पर्लच्या स्क्रिप्ट भरपूर होत्या. विंडोजवर ते आणण्याचं काम २००७ च्या सुमारास एमसिसगिट नावाने उभं राहिलं, पुढे त्याचंच "गिट फॉर विंडोज" झालं. हा प्रकल्प आपले पॅच मूळ गिटच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर पुन्हा रचतो आणि त्यातले जमतील तसे अपस्ट्रीमकडे सरकवत राहतो. रांग जितकी लांब, तितकी पुढच्या वेळी डोकेदुखी जास्त. त्यामुळे पॅच वर पाठवण्यात पोर्टरचाच स्वार्थ असतो. परोपकाराची भाषा न वापरताही सहकार्य कसं टिकतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

तीन: लेखी पायऱ्या. पायथनचा पेप ११ हा दस्तऐवज २००२ पासून आहे. २०२२ मध्ये त्यात आधाराच्या तीन पायऱ्या आल्या. पहिल्या पायरीवरची सिस्टिम मोडेल असा बदल मुख्य शाखेत घ्यायचाच नाही, आणि ती चालती ठेवणं ही सगळ्या मुख्य विकासकांची जबाबदारी. दुसऱ्या पायरीसाठी भरवशाचं तपासणी यंत्र हवं आणि निदान दोन मुख्य विकासकांनी नाव देऊन जबाबदारी घेतलेली हवी. मोडलं तर २४ तासांत दुरुस्त करा किंवा बदल मागे घ्या. तिसऱ्या पायरीसाठी यंत्र हवं आणि एक नाव हवं, पण मोडलं म्हणून आवृत्ती थांबत नाही. रस्ट भाषेतही अशीच उतरंड आहे: पहिल्या पायरीवर "चालेल याची हमी", दुसरीवर "बांधलं जाईल याची हमी", तिसरीवर कोड आहे, पण आपोआप तपासणी नाही.

या पायऱ्यांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्या कोडपेक्षा माणसांबद्दल जास्त बोलतात. किती ओळी, किती चाचण्या हे नंतर. आधी विचारतात, नाव कुणाचं लिहू? आणि यंत्र कुणाचं? पायथनची बरीच तपासणी यंत्रं स्वयंसेवकांनीच पुरवलेली आहेत. एखाद्याने आपल्या घरी चालू ठेवलेलं जुनं यंत्र हेही योगदानच आहे. पण गिटच्या इतिहासात त्याची एक ओळही उमटत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पद्धतीच्या भागात परत लागेल.

कोडची रचना हेही जुळणीचं साधन

इथपर्यंत वाचून हा सगळा समाजशास्त्राचा विषय आहे असं वाटत असेल तर थांबा. १९९२ च्या युझनिक्स परिषदेत हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी इफडेफच्या वापरावर टीका करणारा एक निबंध मांडला. इफडेफ म्हणजे "ही सिस्टिम असेल तर हा कोड, नाहीतर तो" अशी कंपायलरला दिलेली सूचना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अशा सूचना कोडभर पसरल्या की तो वाचता येत नाही. त्यापेक्षा फरक एका ठिकाणी कोंडा आणि त्यावर एकसारखा इंटरफेस द्या.

एक छोटं उदाहरण घेऊ. स्ट्रएलसीपीवाय हे अक्षरमालिकेची सुरक्षित नक्कल करणारं फंक्शन ओपनबीएसडीत १९९८ मध्ये आलं. लिनक्सवर सर्वाधिक चालणाऱ्या जीलिबसी या लायब्ररीत ते आलं थेट २०२३ मध्ये, २.३८ या आवृत्तीत. मधली पंचवीस वर्षं पोर्टेबल ओपनएसएसएचने काय केलं? सुसंगततेच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये त्या फंक्शनची स्वतःची प्रत ठेवली.

आता अट कशी लिहायची? "लिनक्स असेल तर आपली प्रत वापर" असं लिहिलं, तर ते दोनदा चुकतं. लिनक्सवरच चालणाऱ्या मसल नावाच्या दुसऱ्या सी लायब्ररीत हे फंक्शन आधीपासून आहे, तिथे प्रत लागत नाही. आणि २०२३ नंतर जीलिबसीवरही लागत नाही. म्हणजे कुणीतरी ती अट शोधून बदलायला हवी. त्याऐवजी "फंक्शन सापडलं नाही तर आपली प्रत वापर" असं लिहिलं, तर काहीच बदलावं लागत नाही. बांधणीच्या वेळी तपासणी होते आणि निर्णय आपोआप लागतो.

हे फक्त कोडचं सौंदर्य नाही. पहिल्या पद्धतीत अपस्ट्रीमला प्रत्येक सिस्टिमची माहिती ठेवावी लागते. दुसरीत लागत नाही. म्हणजे दोन माणसांनी एकमेकांशी बोलण्याची एक गरजच कमी झाली. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मॉड्यूलमध्ये माहिती दडवण्याबद्दल जे लिहिलं, आणि मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये संघटनेची रचना आणि प्रणालीची रचना यांच्या साम्याबद्दल जे मांडलं, ते दोन्ही इथे एकत्र भेटतात. स्वयंसेवकांकडे बैठका घ्यायला वेळ नसतो, म्हणून बैठकीचं काम कोडच्या हद्दींनी करावं लागतं.

आधार संपतो तेव्हा

आता दोन कठीण उदाहरणं.

डेबियन प्रकल्पाने फ्रीबीएसडीच्या कर्नलवर डेबियनची सगळी पॅकेजेस चालवण्याचा उपक्रम केला होता, केफ्रीबीएसडी. २०११ च्या ६.० आवृत्तीत तो तंत्रज्ञानाची झलक म्हणून आला. २०१५ च्या ८ व्या आवृत्तीतून मात्र तो अधिकृत यादीबाहेर गेला. दर्जा पुरेसा राहील याची खात्री वाटत नाही, असं आवृत्ती सांभाळणाऱ्या संघाने आधीच्या वर्षी कळवलं होतं. अनधिकृतपणे तो पुढेही चालला आणि २०२३ मध्ये थांबवण्यात आला, कारण काम करणारे उरले नव्हते.

यात कामाचं प्रमाण समजून घ्या. हजारो पॅकेजेस, प्रत्येकाचा डेबियनमधला सांभाळणारा वेगळा, प्रत्येकाचा अपस्ट्रीम वेगळा. पोर्टरच्या एका दुरुस्तीला दोन दारं ओलांडायची. शिवाय ८ व्या आवृत्तीत सिस्टिमडी हा सुरुवातीचा मुख्य प्रोग्रॅम झाला, जो फक्त लिनक्सवर चालतो. मग हा पोर्ट सिस्टिमडीमुळे बंद पडला का? असं म्हणण्याचा मोह होईल. पण माणसं आधीच कमी होती का, की बोजा वाढल्याने कमी झाली, हे वेगळं काढल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. एका घटनेवरून कारण ठरवू नका. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येतो.

दुसरं उदाहरण पायथनच्या "क्रिप्टोग्राफी" या लायब्ररीचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्या ३.४ आवृत्तीपासून ती बांधायला रस्टचा कंपायलर लागू लागला. हा निर्णय मेमरीच्या सुरक्षेसाठी होता, आणि कूटलेखनाच्या लायब्ररीत तो समजण्यासारखाच आहे. पण अल्फा, एचपीपीए, एम६८के अशा जुन्या प्रोसेसरांसाठी तेव्हा रस्टच नव्हतं. जेंटूसारख्या वितरणांत त्या यंत्रांवर काम करणाऱ्यांचा पाया एका आवृत्तीत सरकला. हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा प्रोसेसरचा होता, पण पेच तोच.

लायब्ररीवाल्यांचं म्हणणं: या यंत्रांवर चालेल असं आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. पोर्टरांचं म्हणणं: इतकी वर्षं चालत होतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. न दिलेलं वचन एकाला आठवत नाही आणि दुसऱ्याने त्यावर घर बांधलेलं असतं. पायऱ्यांची लेखी यादी नेमकी इथे उपयोगी पडते. ती आधार वाढवत नाही. आधार कुठे नाही हे आधी सांगते. स्वयंसेवकाला हे वेळेत कळणं फार मोलाचं आहे, कारण त्याने गुंतवलेली वर्षं परत मिळत नाहीत.

आता तुमचं काम: विषयापासून प्रश्नापर्यंत

"पोर्टिंगमधला समन्वय" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असावा की ज्याचं उत्तर चुकीचंही निघू शकेल. काही नमुने देतो:

१. लेखी पायऱ्या जाहीर केल्यानंतर खालच्या पायरीवरच्या सिस्टिमसाठी आलेले पॅच स्वीकारायला लागणारा वेळ कमी झाला का?

२. सिस्टिमप्रमाणे फरक एका फोल्डरमध्ये कोंडलेल्या प्रकल्पांत नवे पोर्टर जास्त टिकतात का?

३. एखाद्या पोर्टचा एकमेव सांभाळणारा गेल्यावर तो पोर्ट मोडलेला आहे हे प्रकल्पाला किती दिवसांनी कळतं?

तिसऱ्या प्रश्नाला जवळची कल्पना म्हणजे ट्रक फॅक्टर: किती माणसं अचानक गेली तर प्रकल्प अडेल? २०१६ मध्ये अवेलिनो आणि सहकाऱ्यांनी गिटहबवरच्या १३३ लोकप्रिय प्रकल्पांवर तो मोजला; ६५ टक्के प्रकल्पांत तो दोन किंवा त्याहून कमी निघाला. हे मोजमाप अख्ख्या प्रकल्पाचं आहे. तेच एका सिस्टिमच्या फायलींपुरतं मोजलं तर? करण्यासारखं काम आहे.

पण मोजण्याआधी चार खड्डे बघून ठेवा.

पहिला, गिटमध्ये लेखक आणि कमिट करणारा हे दोन वेगळे रकाने असतात. पॅच ईमेलने येणाऱ्या प्रकल्पांत दुसऱ्याच रकान्यावरून मोजलं तर सगळं श्रेय देखभालकर्त्याला जातं आणि पोर्टर गायब होतो.

दुसरा, एकच माणूस तीन ईमेल पत्त्यांनी दिसतो. नावं एकत्र न करता मोजलेला ट्रक फॅक्टर खोटा दिलासा देतो.

तिसरा, ईमेलच्या डोमेनवरून "कंपनीचा" आणि "स्वयंसेवक" असं ठरवू नका. कंपनीचा माणूस रात्री घरून स्वतःच्या हौसेने काम करतो, आणि वैयक्तिक पत्त्यावरून लिहिणाऱ्याला पगारही मिळत असू शकतो. इथे विचारणं, म्हणजे मुलाखत, हाच मार्ग.

चौथा आणि सगळ्यात मोठा: जिवंत पोर्टच डोळ्यांना दिसतात. बंद पडलेल्यांची नोंद विखुरलेली असते, आणि घरी यंत्र चालू ठेवणाऱ्याची नोंद तर नसतेच. फक्त कमिट मोजले तर तुम्ही काम न मोजता कामाची सावली मोजाल.

स्वयंसेवकांचा वेळ तुमचा नाही

शेवटी एक गोष्ट, जी पद्धतीच्या पुस्तकांत शेवटच्या प्रकरणात ढकललेली असते. २०२१ मध्ये एका अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या देखभालकर्त्यांना न सांगता मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचं उघड झालं. पुनरावलोकनात ते पकडले जातात का, हे त्यांना बघायचं होतं. परिणाम असा झाला की त्या विद्यापीठाकडून येणाऱ्या योगदानावर बंदी आली, जुने पॅच पुन्हा तपासावे लागले आणि निबंध मागे घ्यावा लागला. ते जुने पॅच तपासण्यात गेलेले तास प्रयोगाच्या अंदाजपत्रकात कुणीच धरलेले नव्हते.

तुमचा अभ्यास इतका टोकाचा नसेल. तरी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली शंभर देखभालकर्त्यांना पाठवणं हेही त्यांच्या शाकारणीच्या दिवसांतूनच वजा होतं. जे उघड्या नोंदींतून कळतं ते विचारू नका. विचारायचं असेल तर आधी प्रकल्पाचे नियम वाचा, आणि निष्कर्ष त्यांना वाचता येतील अशा भाषेत परत पोचवा.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात एवढंच करा. तुम्ही रोज वापरता असा एक मुक्त स्रोत प्रकल्प निवडा. तो कुठल्या सिस्टिमला आधार देतो हे कुठे लिहिलंय ते शोधा; लिहिलेलंच नसेल तर तेही नोंदवा. मग तुम्ही स्वतः वापरत नाही अशा एका सिस्टिमच्या फायली काढा आणि गेल्या दोन वर्षांचा गिट लॉग वाचा. मोजू नका, नुसता वाचा. कोण लिहितंय, कोण तपासतंय, कुठे दोन महिने शांतता आहे. एकाच नावाच्या आजूबाजूला सगळं फिरताना दिसलं, तर तुमचा पहिला प्रश्न तिथेच सुरू होतो: या माणसाने उद्या थांबायचं ठरवलं, तर ते सांगायची जागा प्रकल्पात आहे का?